आधी तुझा हात

—खोटं? छे हो, खोटं कसलं! बीपीच्या वहीतला एकूण एक आकडा मोजलेला आहे. फक्त माझ्या दंडावर मोजलेला नाही, एवढंच. हसा, हसा! अमेरिकेतल्या या नोव्हाय गावच्या दवाखान्यात वर्षानं एक मराठी माणूस भेटतो, आणि तोही हसतो.

अहो, मी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो — आणि प्रेशर म्हणजे काय ते मला शिकवतोय हा कालचा पोरगा डॉक्टर! म्हणे, किडन्या निम्म्या गेल्यात, बीपी ताब्यात ठेवा, नाहीतर डायलिसिस. मीठ बंद, पापड बंद, लोणचं बंद. मग जगायचं कशाला, ओटमील खायला? वर रोज सकाळी घरी बीपी मोजून वहीत लिहायचं. माझं निघालं एकशे सत्तर. हे लिहिलं असतं तर नंदानं — बायको माझी — सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी शेजारच्या गोऱ्याला देऊन टाकली असती! म्हटलं, नंदा, मशीन नीट चालतंय का बघू, आधी तुझा हात दे. तिचं एकशे वीस-ऐंशी. लिहून टाकलं! मग रोजच — आधी तुझा हात. मग माझ्या दंडाला पट्टा, दोनदा फुसफुस, आणि 'माझंही तेच गं!' स्टेथोस्कोप माझ्या कानात, तिला काय कळतंय? आठ महिने चाललंय. डॉक्टर म्हणतो, ब्यूटिफुल कंट्रोल! फक्त रक्ताचा रिपोर्ट दर खेपेला बिघडतो, तेवढं कोडं काही त्याला सुटत नाही.

भीती? मला? हॅट! — वाटते हो. डायलिसिसची वाटतेच. पण गेल्या सोमवारी... तिचं एकशे ऐंशी आलं. परत मोजलं, परत तेच. आणि माझ्या तोंडून काय निघालं? 'एकशे वीस-ऐंशी!' सवयीनं हो. ती म्हणाली, बघा, दोघांचं कसं सारखं. आणि डोकं ठणकतंय म्हणून गोळी घेऊन पोळ्या लाटायला गेली. सहा दिवस झाले. सहाही दिवस मी एकशे वीसच लिहिलंय. आता सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. गाढव आहे मी, शुद्ध गाढव.

ती बघा, गाडी पार्क करून आलीच. गप्प बसा आता. — नंदा, इकडे. कोट राहू दे. मला हाक मारली की तूही चल आत. नाही, माझं बीपी डॉक्टर नंतर मोजेल. आधी तुझा हात. का ते आत सांगतो. — आणि तुम्ही हो, काय बघताय? वाचा तुमचं मॅगझिन!