दाराजवळची खाट

रश्मी : बाबा, त्या खाटेवर बसू नोका. वॉर्डन मॅडमनं नुसती खोली पाहाले सांगतली.

श्रावण : बसल्याबिगर खाट कशी समजन? पाय ना, कशी हालते. अन् हाये बी दाराजवळ. येनारी-जानारी पोट्टी तुह्या उशाशी थांबन.

रश्मी : थांबू द्या.

श्रावण : चार खाटा एका खोलीत. बाकीच्या तिघी बोलत बसल्या तं तू अभ्यास कधी करशीन? त्यापेक्षा सकाळी पायलेली जाईबाईची खोली बरी. एकटीची. खिडकी हाये, नळ दारात हाये, अन् बस स्टँड हाकेवर.

रश्मी : मले बस स्टँडवर काय काम हाये?

श्रावण : डबा घ्याले.

रश्मी : कोनता डबा?

श्रावण : घरचा. पातूरवरून सकाळी अमरावतीची गाडी सुटते ना, तिच्या कंडक्टरसंग बोलून ठेवलं म्या. आपला गजेंद्र, गल्लीतला. तो म्हने, श्रावणभाऊ, सीटखाली ठेवीन, पोरीले फक्त स्टँडवर उभी राहाले सांगा. दुपारच्या आंधी भाकर तुह्या हातात.

रश्मी : मले न इचारता बोलले तुमी?

श्रावण : डबे बी घेतले. अकोल्याले गेलो होतो ना, जुन्या शहरात, अस्तराचं कापड आनाले, तवाच. दोन घेतले. एक येईन, एक जाईन. नाव बी कोरून आनलं. रश्मी श्रावण तायडे, अमरावती.

रश्मी : अन् माह्यं कॉलेज त्या टोकाले. रोज डब्यासाठी ऑटो करून स्टँडवर जाऊ काय? अठी मेस हाये, बाबा. खाली उतरलं की जेवन.

श्रावण : पायलं म्या त्या मेसचं वरन. डाळ शोधा लागते.

रश्मी : तुमचं वरन बी माहीत हाये मले.

श्रावण : सुधरलं आता. तुह्या मायसारखं नाई होत, पन सुधरलं. मांगच्या महिन्यात तूच तं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

रश्मी : हो. सुधरलं.

श्रावण : मंग? अन् जाईबाई बाई चांगली हाये. भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो पायला ना तू? आडनाव सांगतलं तं पानी आनलं तिनं, तोंड नाई फिरवलं. अठी या तीन पोट्ट्या कोन, कुठल्या, तुह्याशी कशा वागतीन, काय माहीत.

रश्मी : वागतीन तशा वागतीन. भांडीन मी. भांडाले तरी कोनी पायजे ना.

मॅडम : तायडेभाऊ, झालं का खोली पाहून? तुम्हाला घाई करायची म्हणून नाही आले, पण खाली अकोटचे पालक बसले आहेत. त्यांनाही हीच खाट हवी आहे. वसतिगृहात आता एवढीच उरली. तुमचं नाही असेल तर तसं सांगा, म्हणजे त्यांना ताटकळत ठेवायला नको.

श्रावण : जरासं थांबा ना मॅडम. बाप-लेकीचं बोलनं होऊन राह्यलं.

मॅडम : बोला निवांत. मी व्हरांड्यातच आहे.

(मॅडम जातात. श्रावण पुन्हा त्याच हलत्या खाटेवर बसतो. बाजूच्या खोलीत मुली कशावरून तरी हसत सुटल्या आहेत. या खोलीत हसण्यासारखं कोणी काही बोललेलं नाही.)

श्रावण : ऐकलं? दिवसाढवळ्या हे, मंग रात्री काय होत असन?

रश्मी : मले तेच पायजे.

श्रावण : काय पायजे?

रश्मी : आवाज.

श्रावण : काहून वं? घरी तं तुले शांत लागे. म्हनून दिवे लागले की मी मशीन बंद करत होतो. गिऱ्हाईकं बोंबलत, श्रावणभाऊ, कपडे कधी देता. मी म्हनत होतो, पोरगी शिकून राह्यली, सकाळी शिवीन.

रश्मी : मी कधी म्हटलं, मले शांत पायजे म्हनून?

श्रावण : म्हटलं नाई. पन पुस्तक घेऊन बसली की तू मान वर करत नव्हती. मले वाटलं, पोरीले त्रास नोको.

रश्मी : मशीन बंद झाली की मले घर खाले उठे, बाबा. तुमी आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. एकदा तं मी मुद्दाम मोठ्यानं कविता वाचली. म्हटलं, बाबा येतीन, काय वाचून राह्यली म्हनून इचारतीन. तुमी टीव्ही बंद केला.

श्रावण : तू वाचून राह्यली होती म्हनून केला.

रश्मी : माहीत हाये. माह्यासाठीच केला. म्हनून तं काही बोलता नाई आलं. आई गेल्यापासून आपन दोघं एकाच घरात एकएकटे राहून राह्यलो. अन् आता ती जाईबाईची खोली. तठी तं माह्यासाठी टीव्ही बंद कराले बी कोनी नाई.

श्रावण : हे आंधी सांगाचं होतं तू.

रश्मी : तुमी बी तं काही सांगतलं नाई.

श्रावण : माह्यं काय हाये सांगन्यासारखं?

रश्मी : तो डबा काहून पाठवाचा हाये तुमाले, ते सांगा. माह्यं पोट मेसमदी भरन, हे तुमाले कळत नाई काय?

श्रावण : कळते.

रश्मी : मंग?

श्रावण : एका मानसासाठी कनीक भिजवाले हात उठत नाई वं. उन्हाळ्यात तू मावशीकडे गेली होती, आठवते? तवा मी मुरमुरे खाऊन राह्यलो. कांदा कापाचा अन् मुरमुरे. सकाळी डोये उघडले की समजे ना, उठाचं कशाले. डबा असला तं गाडीच्या टायमाले उठा लागन. भाजी चिरा लागन. गजेंद्र इचारन, श्रावणभाऊ, आज काय धाडलं पोरीले. बस, एवढंच हाये. तुह्या पोटाचं निमित्त.

रश्मी : मंग घेऊन टाकू जाईबाईची खोली.

श्रावण : काय म्हटलं?

रश्मी : मी जात जाईन स्टँडवर. कॉलेजच्या आंधी नाई तं नंतर. एकटं राहाची सवय होईन मले. होतेच म्हनतात.

श्रावण : कोन म्हनते? मले झाली का?

रश्मी : बाबा, मी खरंच म्हनून राह्यली.

श्रावण : मी बी खरंच म्हनून राह्यलो. नोको. दोघांतलं एक तरी मानसांत राहू दे. ही खाट घे. फक्त दारापासून जराशी सरकवून घेजो, हवा लागन अंगाले.

रश्मी : अन् तुमी?

श्रावण : मी दिवे लागल्यावर बी मशीन चालवीन. गिऱ्हाईकं खूश होतीन.

रश्मी : मी रोज संध्याकाळी फोन करीन.

श्रावण : करजो. पन काय जेवले, ते इचारू नोको.

रश्मी : तेच इचारीन.

श्रावण : बरं, इचार. चाल, आवाज दे त्या मॅडमले.

रश्मी : मॅडम, झालं आमचं.

मॅडम : काय ठरलं?

श्रावण : अकोटवाल्यांले सांगा, खाट गेली. वाईट वाटन त्यांले, पन काय करता.

मॅडम : बघते त्यांचं काही. तायडे, तुला आधीच सांगते, तुझ्या खोलीतल्या तिघी भारी बडबड्या आहेत. नंतर माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.

रश्मी : नाही येणार, मॅडम.

श्रावण : मॅडम, घरून डबा आला तं चालते काय अठी?

मॅडम : सणावाराला चालतो, भाऊ. रोजचा नाही. एकीच्या घरून आला की बाकीच्या मुलींची तोंडं उतरतात. काहींच्या घरी तर डबा करून पाठवणारं कोणीच नसतं.

श्रावण : बरोबर हाये. तसं नोकोच मंग. अन् पालकाले अठी जेवता येते का?

मॅडम : येतं ना. महिन्यातून एक रविवार असतो पालकांसाठी. मुलींच्या पंगतीलाच बसायचं.

श्रावण : आज जेवलो, तं ते या महिन्यातलं धरता काय?