अस्सल सीडी बाबांच्या पायाशी

...नाही हो, कागद नाहीये माझ्याकडे! असं बघू नका पास्टर, विसरलो नाही मी, बाबांच्या अंत्यविधीसाठी भाषण लिहिलं होतं, डॉक्टरनं बाबांची छाती तपासून मान हलवली ना, त्याच दिवशी लिहायला बसलो, शब्दन् शब्द घासून पुसून... आता बाबा तेव्हा जिवंत होते, मग एवढी घाई कसली, असं विचाराल तर... होती घाई! पण ते भाषण आहे घरी, कॉम्प्युटरच्या पोटात, आणि कॉम्प्युटर काय म्हणतो? कृपया अस्सल सीडी घाला!

तुम्हाला सांगतो, काल सगळं तयार होतं, फक्त छापायचं राहिलं होतं. तेवढ्यात पडद्यावर चौकट येते, लिहायच्या प्रोग्रॅमची नवी सुधारणा आली आहे, बसवू का? मी म्हटलं, नको. पुन्हा आली, बसवू का? मी म्हटलं, नको नको, कशाला उगाच त्रास! तिसऱ्यांदा आली. आता आपण मिनेसोटाची माणसं, आपल्याकडे वडीचा तुकडासुद्धा तिसऱ्यांदा पुढं केल्यावरच उचलतात, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा उद्धट... म्हणाल का तुम्ही नको, हिल्डामावशी? मी हो म्हटलं! त्यानं जुना प्रोग्रॅम अर्धा उपटला, नवा अर्धा रोवला, आणि मधेच थांबून हात पुढं केला... कृपया अस्सल सीडी घाला!

रद्द करा म्हटलं, तरी तेच. बंद करून चालू केला, तरी तेच. बायको म्हणाली, "अहो, चर्चच्या मशीनवर बघा ना," तर फाईल आणून इथं भाषण उघडलं आणि नुसते चौकोन, पानभर चौकोन! तेच वाचून दाखवू का? शेवटी मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक पोरगी, आवाज असा मधात बुडवलेला, "सर, अस्सल सीडी कोणाकडे आहे?" म्हटलं, वडिलांकडे. "मग वडिलांना विचारा ना, सर!" म्हटलं, बाई, ते वारले. "ओह... मग आता त्यांना तिची गरज नसेल, सर."

आता ती बाबांकडे का? तर तो प्रोग्रॅम बाबांनीच आणला होता, रस्त्यावरचा बर्फ नीट काढत नाहीत म्हणून पेपरात तक्रारी लिहायला. माझ्या मशीनवर त्यांनीच बसवून दिला आणि जाताना नक्कल मारलेली एक सीडी माझ्या अंगावर टाकली, "अस्सल माझ्याकडे राहील, ज्युनियर. तुला नक्कल पुरे." ती नक्कल घालून बघितली मी काल. चर्र... चर्र... आणि मग? सगळे म्हणा माझ्याबरोबर... कृपया अस्सल सीडी घाला!

आमची नावं सारखी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते सेल्मर क्वामे, मीही सेल्मर क्वामे. माझ्या लग्नात, ह्याच चर्चच्या तळघरात, कॉफीचा कप उंच धरून काय म्हणाले होते? "अस्सल छापून झाली आणि शाई संपली, मग ही नक्कल निघाली!" हसला होतात ना सगळे? लार्स, तू तर टेबल बडवत होतास. बघा, बघा, आत्ताही हसतोय!

बरं, मग बहिणीला फोन केला. "अगं आर्लिस, बाबांच्या त्या सीडीचं काय झालं?" तर आर्लिस शांतपणे, "तिला भोकं पाडली बाबांनी. दोरी बांधून गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली सोडायचे, चमकली की पाईक मासे बघायला यायचे, मग वरून भाला!" म्हटलं, आता कुठंय? "मासेमारीच्या डब्यात." आणि डबा? "शवपेटीत ठेवला, बाबांच्या पायाशी. त्यांचीच इच्छा होती."

मग काय करणार! काल संध्याकाळी तुम्ही सगळे रांगेनं दर्शनाला आलात, तेव्हा मी पेटीत कमरेपर्यंत वाकलो होतो तो शोकानं नव्हे! "बघा बिचारा, बापाचे पाय धरतोय," असं कोणीतरी म्हणालं, आणि हिल्डामावशी म्हणाल्या, "पाय कसले, लहानपणी खिसे चाचपायचा तसाच चाचपतोय." सापडली मला. भोकं पडलेली, माशांच्या दातांच्या खुणा असलेली. आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात, जाड पेनानं... "अस्सल. ज्युनियरला देऊ नये."

ठेवली परत. काय करणार? ती चालणार तर नव्हतीच, आणि पुरायला मे उजाडेल, जमीन दगड झालीय, तोवर बाबा थंडीत पडून राहणार, त्यांना सोबत नको का?

भाषणात काय होतं म्हणता? देवाशपथ, आता एक ओळ आठवत नाही. हसू नका रे... मला वाईट वाटतंय. माणूस वाईट होता, पण माझा होता. जेवताना, लग्नात, पोराच्या बारशात, मी तोंड उघडलं की बाबा मधे बोलायचे. आज पहिल्यांदाच त्यांना मधे बोलता येणार नव्हतं. एक सबंध वाक्य त्यांच्यासमोर पुरं करायचं होतं मला, बस, एवढंच. आणि बघा, मेल्यावरसुद्धा मधे बोललेच!

असू दे. चला, खाली हॅमचे सँडविच आहेत, बटाट्याचा हॉटडिश गार होतोय. जाता जाता पेटीवरचं नाव तेवढं वाचून जा, सेल्मर क्वामे, झाकण उघडायला कोणी सांगू नका, किल्ली फिरवलीय. मी घरी जाईन, मशीन दारातच विचारेल, कृपया अस्सल सीडी घाला. घातली बाबा, ह्याच हातानं पेटीत घातली. आता नकलेवरच भागवा.