पंप बंद करायची परवानगी

सुरतेला असतानाची गोष्ट सांगतो, नव्वदच्या दशकातली. समुद्रात तेल सांडलं तर कोणी काय करायचं, यासाठी आमच्या कंपनीत एक टीम बनवायची होती. मॅनेजर कुलकर्णीसाहेबांनी फळ्यावर चौकोन काढून नावं भरली: प्रमुख, संपर्क, खरेदी. सगळे आम्ही ऑफिसवाले.

"कोणाला काही शंका?"

मागून सुकलालभाऊ उठले. जेट्टीवर तेलाचा पंप चालवणारे ऑपरेटर, सुरतेतल्याच डिंडोलीत राहायचे, मूळचे खानदेशातले.

"साहेब, तेल सांडलेलं पहिल्यांदा मला दिसणार. मी काय करू?"

"मला फोन करायचा."

"तुम्ही जाग्यावर नसले तर?"

"अहो, मग सरळ पंप बंद करा ना!"

"गेल्या साली केला होता, साहेब. पाइप गळत होता. न विचारता बंद केला म्हणून मेमो मिळाला. सही तुमचीच आहे."

साहेबांनी फळ्यावरचं स्वतःचं नाव पुसलं आणि तिथे लिहिलं, 'जो आधी बघेल, तो पंप बंद करेल. विचारायचं नाही.' मग मला फाइल आणायला लावून तो मेमो सगळ्यांसमोर फाडला. म्हणाले, "चुकलं माझं, सुकलालभाऊ."

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये भाऊ माझ्याशेजारीच बसले होते. मला वाटलं, खूश असतील. पण वाटेत इच्छापोरचा थांबा आला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मेमोनंतर अजून एकदा पाइप गळला होता. पंप हाताशी होता, पण मी फोनच लावत बसलो."