प्लायवूडची पेटी

कोल्हापूरच्या स्टँडवर पूर्णिमा पुण्याच्या गाडीच्या रांगेत उभी होती. तिच्या मागं एक नवराबायको येऊन थांबली. दोघांच्या मध्ये प्लायवूडची लांबट पेटी होती, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली. पूर्णिमानं पुन्हा वळून बघितलं नाही, पण कान मागंच राहिले.

"दीपा, ही डिकीत घालायची न्हाय. मी मांडीवर घेतो."

"एवढी लांब पेटी? शेजारचा कुठं बसंल?"

"मागच्या खेपंला डिकीतच कीबोर्ड फुटला. ह्यो बी फुटला तर सांच्याला स्टेजवर काय वाजवू?"

"तवा निस्ती पिशवी हुती. आता सगळ्या बाजूंनी फोम लावलाय मी."

"तू घरात ठोकलेली पेटी ही. कंपनीची न्हवं."

"म्हणून तर बघितलं की."

"काय बघितलंस?"

"परवा माडीवरनं जिन्यात सोडून दिली. पार खालपर्यंत गेली."

"रिकामी?"

"रिकामी सोडून काय कळणार हुतं?"



"कीबोर्ड आत हुता?"

"व्हय. तुमी काल दिवसभर त्योच वाजवलासा. काय फरक वाटला?"

"न्हाय. तुला भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पायरीवर बसून राह्यले. पेटी उघडायला हातच हुईना."

गाडी लागली. कंडक्टरनं डिकी उघडली.

"पावणं, पेटी टाकायची का आत?"

"टाकू नगासा," नवरा म्हणाला. "आत ठेवा."