चार खेपांची मूठ

हसा तुम्ही, पण जंगलात न्यायच्या सुरीची मूठ हातात घट्ट बसलीच पाहिजे, हा माझा हट्ट. २०१६ साली त्यासाठी वाणगावच्या लोहाराकडे चार खेपा घातल्या आणि मूठ तीनदा तासून घेतली.

मग डहाणूला सुरूच्या बनात आमचा कॅम्प लागला. सुरीने लाकडं झकास फोडली, पण सुरमई काही कापता येईना. मासळी हातातून सारखी निसटायची. सगळे भुकेले, मी मात्र हटलो नाही. शेजारी मासळी सुकवणारी जनामावशी बघत होती.

"आण इकडे."

तिने सुरीची मूठ पायाखाली दाबली, धार वर केली आणि विळीवर कापावी तशी सुरमई कापून दिली.

मी विचारलं, "मावशी, मूठ कशी आहे?"

"पायाला बरी बसते."

आता नवी सुरी विकत घेताना मी आधी चप्पल काढतो.