दादाला ठेवून घ्या, काकू

हॅलो?… हो काकू, धाकटाच बोलतोय. काय केलं दादानं?… पाणी?… वरच्या खोलीतून थेट काकांच्या दवाखान्यात?… पेशंटच्या तोंडात?…

बरं, दातांचा पेशंट म्हणजे तोंड उघडं होतंच… नाही, हसत नाहीये. खोकला आहे.

अहो, ऐका ना… संध्याकाळपर्यंत खोली रिकामी म्हणजे तो पियानोसकट माझ्याकडे येणार. इथे मीच तिरका झोपतो…

हो, हो… तो हातांवर पाणी ओततो, कारण बेथोवन ओतायचा… बेथोवन. जगप्रसिद्ध संगीतकार. चाल सुचायला लागली की गुणगुणत भडाभडा ओतायचा, खालच्यांचं छत गळायचं… खरंच. त्याच्या ओळखीच्यानं लिहून ठेवलंय.

कॉफी?… तुमच्याकडून बिया मोजून नेतो?… तेही त्याचंच. कपागणिक मोजायचा… बरं आहे की, उधळ्या तर नाही.

अवतार?… काकू, बेथोवनला एकदा पोलिसांनी भटक्या समजून आत टाकलं होतं. दादाला अजून कुणी… रखवालदारानं? कधी?… बरं. सोडला ना पण.

हो, पुढे बेथोवनला ऐकू येईना… छे, दादाचे कान शाबूत आहेत. तुम्ही ओरडता ते मला शब्द न् शब्द सांगतो.

बेथोवनचे घरमालक?… वैतागायचे. सारखी घरं बदलायचा तो… हो, हे मी बोलायला नको होतं. पण आता त्या घरांवर पाट्या आहेत, काकू. 'इथे बेथोवन राहिला.' लोक लांबून येऊन फोटो काढतात… घरमालकिणीचं नाव? घालू की. दादापेक्षा मोठ्या अक्षरांत… दवाखान्याची पाटी उतरवून?… काकांना विचारा आधी… बरं, नका विचारू.

म्हणजे राहू देताय?… तुमच्या तोंडात साखर पडो… हो, काका दातांचे डॉक्टर आहेत, लक्षात आहे.

कसला आवाज?… पियानो जिन्यात?… हमाल घेऊन निघालासुद्धा? अहो, सांगा त्याला, तुम्ही आता खोलीतून काढत नाही… काय म्हणाला?… 'बेथोवनही एका जागी टिकत नव्हता'?…

काकू, दार अडवा… आधी पियानो आत ढकला. मग दादाला. मग बाहेरून कडी घाला… नाही, ओरडू नका. प्रेमानं घाला.