झॉम्बीची कवळी

दातांच्या दवाखान्यात मोडकी कवळी रुमालात धरून बसलेल्या आजोबांचं आणि आजींचं बोलणं नर्सबाई कान देऊन ऐकत होत्या.

"नातीच्या झॉम्बीपटात चावणारं मढं व्हायची हौस कुणाला होती?" आजींनी विचारलं.

"आणि शूटिंग करायची?"

"घरगुती वाटावं म्हणून मोबाइल हलवायचा होता. माझ्या हातात तो हलतोच."

"हाताचं सोड. मी गुरगुरत तुझ्या अंगावर येतोय आणि तू दर वेळी म्हणतेस, जपून, पायरी आहे. सहा वेळा सीन वाया."

"म्हणून सातव्यांदा गप्प राहिले."

"आणि मी तोंडावर आपटलो."

"नात म्हणाली, पडणं अगदी खरं वाटलं."

नर्सबाईंनी आत बोलावलं. आजोबा उठले, तशा आजी म्हणाल्या,

"जपून, उंबरा आहे."